शेऱ्याचा रकाना

ब्रसेल्समधल्या या खोलीला खिडकी नाही.
दुभाष्यांच्या काचपेटीत आम्ही दोघी, पाण्याची एक बाटली,
आणि कानांवर सकाळपासून सत्तावीस देशांचा घसा.
आज प्रकरण तेरावं. मासेमारी.

काल दोन तास गेले एका शब्दावर.
मसुद्यात होतं 'लवकरात लवकर'.
पलीकडून कुणी 'यथावकाश' सुचवलं.
आमचे रादोमनसाहेब म्हणाले, तारीख घाला.
मग कॉफी आली.
कॉफीनंतर सगळे 'यथावकाश'वर आले
आणि मी तो शब्द माझ्या भाषेत नेला,
गरम भांडं फडक्यात धरून न्यावं तसा.

व्रान्यिनाला, स्कादर तळ्याकाठी, बाबांच्या ट्रंकेत
चार देशांची ओळखपत्रं आहेत.
घर वीतभरही हललेलं नाही.
'आता पाचवा का?'
'देश नाही बाबा, संघ.'
'मग जाळ्याचं भोक कोण मोजणार?'
'ते.'
'मोजू देत. लहान मासा मी अजून
माझ्या बापाच्या भीतीने सोडतो.'

गेल्या वर्षी त्यांना एक वही मिळाली, प्रायोगिक:
तारीख, जात, वजन, जाळं, शेरा.
ती ते पिशवीत गुंडाळून होडीत नेतात,
ओल्या हातांनी लिहितात,
आणि परतल्यावर धुरावर टांगतात, कार्पच्या रांगेत.
आमच्या आकडेवारीला वास येतो तो त्यामुळे.

आज परिशिष्टात, नमुना म्हणून, तेच पान निघालं.
नावावर काळी पट्टी.
पण सातचा आकडा कमरेत वाकलेला,
आणि वजनाखाली दोनदा ओढलेली रेघ.
चौदा नोव्हेंबर: कार्प, सतरा किलो.
पंधरा: उक्लेवा, चार पेट्या.
सोळा: काही नाही.
शेरा: धुकं. थांबलो.

फिनलंडच्या हेल्काबाईंनी चष्मा वर सरकवला.
'शेवटच्या रकान्याचं भाषांतर आलेलं नाही.
त्यात कायदेशीर असं काही आहे का?'
लाल दिवा लागला. माझी पाळी.
मी म्हणाले: धुकं. थांबलो.
एवढंच, त्यांच्याच आवाजात जरा.

कुणीतरी पेन खाली ठेवलं.
बाई कागदाकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या,
'आमच्याकडेही पडतं. हे इतिवृत्तात नको.'
अध्यक्ष म्हणाले, नोंद घेतली.
कसली, ते कुणी विचारलं नाही.
साडेपाचला प्रकरण बंद झालं. तात्पुरतं.

रात्री फोनवर बाबा हसले.
'तात्पुरतं बंद म्हणजे कसं गं?'
'होडीघराच्या दाराला तुम्ही तार गुंडाळता, तसं.'
'म्हणजे वारा सुटला की उघडतं.'
मागे भांडी वाजली, कुत्रा भुंकला.
'बरं, ती वही संपली. दुसरी कधी देणार आहेत?'

तो शब्द ओठांपर्यंत आला होता.
'विचारते,' म्हणाले.