शेपटीचा तुकडा

ग्रिम्सबीच्या मासळी-कारखान्यात
पहिल्याच दिवशी कीथ म्हणाला, हँग ऑन, डक.
कुठं लटकायचं ते मी शोधत राहिले,
आणि बदक कोण, तेही.

थांब जरा, एवढंच होतं ते.
बदक म्हणजे बाई गं, म्हणायची इकडची तऱ्हा.

दुसऱ्या दिवशी बर्फ पळाला.
रन आउट, कीथ ओरडला,
मी दाराकडे बघितलं
आणि मग रिकाम्या पेटाऱ्यात.

गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत
ग्लेनिसबाई फळ्यावर एकच क्रियापद लिहितात
आणि त्याला शेपट्या लावत जातात.
पुट ऑन, अंगात घालणं.
पुट ऑफ, आज-उद्या करत राहणं.
पुट अप, पाहुण्याला रात्रभर ठेवून घेणं.
पुट अप विथ, त्याच पाहुण्याला सोसणं.
हे मात्र मला न समजावताच समजलं.

दिवसभर मी हॅडॉकच्या शेपट्या उडवते,
रात्री वहीत परत जोडत बसते.
हर्णैला आमच्या घरी मधल्या तुकड्या
पुरुषांच्या पानात, डोकं सासूबाईंना,
शेपटी शेवटी जेवणारीला.
हिला शेपटीच आवडते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.
मी तसं कधी म्हटलं नव्हतं.

नोव्हेंबरात एकदा लाइनवर दानुते कोसळली,
उपाशीपोटी आली होती पोरगी.
मी भिंतीवरचा फोन उचलला आणि स्पष्ट उच्चारात सांगितलं,
दानुते पास्ड अवे.
पट्टा थांबला. वरच्या मजल्यावरून मॅनेजर धावत आला,
कीथनं डोक्यावरची जाळीची टोपी काढून
छातीशी धरली.
दानुते बादलीवर बसून साखरेचा चहा पीत होती.

आउट म्हणायचं होतं मला.
एका शेपटीनं मारलं होतं तिला.
अजून कँटीनमध्ये नवं कुणी आलं
की ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणते, हिनं.

तुमच्या भाषेत हा त्रास नसेल ना,
ग्लेनिसबाईंनी विचारलं. नाही, म्हटलं मी ऐटीत.
दहा नंबरच्या बसमध्ये बसल्यावर एकेक वर यायला लागलं.
बोलून बसले.
देऊन टाकलं.
विसरून गेले, कुठेही न जाता.
रडले, आणि रडून घेतलं.
या दोहोंच्या मध्ये एक दार असतं,
आतून कडी लावलेलं.
ते घेतलं म्हणजे नक्की काय घेतलं,
हे बाईंना कुठल्या शब्दात सांगू?

रविवारी कुंदाचा फोन. मागे भांड्यांचा आवाज, मांजर.
मन लागतं का गं तिकडं?

भूक लागते, थंडी लागते, ठेच लागते,
कामाला तर लागलेच आहे.
या पोटी कधी कधी खारा वास लागतो वाऱ्याला
आणि क्षणभर वाटतं की वळणावर आपलं बंदर लागेल.
पण मन?
मी हवामानाविषयी बोलले.

गुरुवारी बाईंनाच विचारलं.
त्यांनी फळ्यावर सेटल इन लिहिलं, पुसलं.
टेक टू लिहिलं, बराच वेळ बघत राहिल्या,
तेही पुसलं. म्हणाल्या, कम बॅक टू इट.
मागाहून बघू.
खडू त्यांच्या बाहीला लागला होता.

शुक्रवारी कीथनं उरलेला अख्खा हॅडॉक बांधून दिला.
हळद-तिखट लावून तव्यावर टाकला.
नवरा समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करून
दोन आठवड्यांनी आलेला, हात धुऊन बसलेला.
शेपटी त्याच्या पानात वाढली,
मधली तुकडी माझ्या.

त्यानं पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे.
काही बोलेल असं वाटलं.

मी मान खाली घालून
शांतपणे काटा काढत होते.