उणे एक

पाटी खारानं खाल्लेली.
ओल्या फडक्यानं घासली तेव्हा कुठे आकडे वर आले:
एकशे दहा, तेहतीस, अकरा.
तीन वेटोळी, एकाच लोखंडाभोवती,
एकाच तेलात गळ्यापर्यंत.

तळेबाजारच्या सड्यावर सातपासून शटडाऊन.
बंदरावरून बर्फवाल्याचा फोन दोनदा:
"सुरमय पडान रवली हा बाईनू, कधी देतास लायट?"

मोजणी दोघांचीच, एका वेळी.
एकाला थोडा दाब द्यायचा,
दुसऱ्याचं तोंड तांब्यानं बांधायचं,
तिसरं मोकळं. त्यानं नुसतं ऐकायचं.
पूर्ण प्रवाह फिरायला
शंभरातला जेवढा दाब लागला
तेवढी त्या दोघांमधली अडचण.

थोरलं-मधलं: दहा टक्के.
थोरलं-धाकटं: पाच पूर्णांक चार.
मधलं-धाकटं: एक पूर्णांक आठ.

"धाकट्याचा बरा जमता सगळ्यांवांगडा,"
गुणाजी मिठबावकर हेल्पर, निवृत्तीला सहा महिने.
थांबा म्हटलं. मापं वेगळी आहेत.
पहिलं पन्नास एमव्हीएचं, बाकी दोन पंधराची.
पायलीचं भात नि शेराचं भात
न बघता एका सुपात ओतू नये.
पन्नासावर आणली:
पाच-चारचे झाले अठरा, एक-आठचे सहा.
गुणाजी गप्प.

मग वहीच्या मागच्या पानावर चांदणी काढली,
तीन पाय, मध्ये टिंब.
टाकी उघडून तेल उपसलंत
तरी हे टिंब सापडायचं नाही.
गणिताला टेकायला जागा हवी, म्हणून.
थोरल्याच्या पायाला अकरा आले,
धाकट्याच्या पायाला सात,
मधल्याच्या, उणे एक.

दोनदा केलं. उणे एक.

"म्हंजे मधला आपल्याक उलटा देता काय?"
नाही हो. कुणी काही देत नाही.
एकट्याची अडचण मोजलीच कुठे होती आपण?
मोजली दोघादोघांची,
एकेकाच्या नावावर मी आता चढवली.
जोडून बघा:
अकरातून एक गेला, दहा.
सातातून एक गेला, सहा.
पाटी खरी.

त्यानं टाकीवर तळवा ठेवला, गार होती.
"आमच्या वाटणीत मधल्याचो
असोच आकडो इल्लो," म्हणाला,
आणि पान्हे गोळा करायला गेला.

पावणेपाचला चार्ज केला. गुणगुण सुरू.
बर्फवाल्याचा फोन नाही आला, म्हणजे मिळाली.
रिपोर्टात उणेची रेघ
मी दोनदा गिरवून ठळक केली,
नाहीतर सर्कल ऑफिसात
डाग समजून खोडतील.