बारा वाव

चिल्काच्या वर्गात पाठ करून घेतली होती कर्तव्यं:
कृत्रिम बेटांची राखण, मच्छीमारांना संरक्षण,
तेलाचा तवंग, चोरटा माल, सागरी कायदे,
शिवाय विज्ञानासाठी माहिती गोळा करणं.
मी म्हसवडचा. आमच्याकडे पाणी टँकरनं येतं.
न पाहिलेल्या गोष्टीचं रक्षण
मला सगळ्यांच्या आधी पाठ झालं.

आता वरळीत, रात्रीच्या मधल्या पहाऱ्याला.
भिंतीवर संघटनेचा तक्ता: मूळ वर, दिल्लीत,
फांद्या खाली, गीतेतल्या अश्वत्थासारख्या.
प्रदेश, जिल्हा, तळ, जहाज, विमानांचा ताफा.
सगळ्यात खालच्या चौकटीत नाव नसतं,
नुसती संख्या.
त्या संख्येतला एक मी,
कानाला सोळा नंबरचा चॅनेल लावून बसलेला.
बहुतेक वेळ तो खरखरतो.
खरखर म्हणजे सगळं ठीक.

दोन वाजून चाळीस मिनिटं. रेडिओ नाही, फोन वाजला.
मढहून राजुली किणी.
"आमची होरी अजून आयली नाय."
नाव हरबादेवी प्रसाद, माणसं पाच.
मी विचारलं, अक्षांश? रेखांश?
पलीकडे शांतता, आणि मागे कुणाचं तरी खोकणं.
मग म्हणाली, बारा वाव पाण्यात, राखट चिखलावर,
खांदेरीचा दिवा डावीकडे ठेवून.

एका वावेचे मीटर एक पूर्णांक त्र्याऐंशी.
मी गुणलं. नकाशावर बावीसची रेघ शोधली,
पेन्सिल टेकवली, आणि थांबलो.
"बाई, वाव कुणाची?"
"माझी. ठाव घ्यायचा दोर मीनंच मोजून दिलाय."
कुठल्याही पुस्तिकेत नसलेला प्रश्न मी विचारला:
"तुमची उंची किती?"
ती चिडली नाही. "पाच फुटाला दोन बोटं कमी."

दोन्ही हात पसरून उभी असेल ती कधीतरी,
अंगणात, सुकत्या बोंबलांच्या वलांडीखाली,
या टोकापासून त्या टोकापर्यंत
बारा वेळा.
मी पेन्सिल किनाऱ्याकडे सरकवली. अठराच्या रेघेवर.

मग वरच्या चौकटी जाग्या झाल्या, एकेक.
ड्युटी ऑफिसर राऊळसाहेब बनियनवर शर्ट चढवत आले,
म्हणाले, "आधार काय?"
मी म्हणालो, "सर, एका बाईचे हात."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं,
आणि गस्तीवरचं जहाज वळवलं.

पांढरं जहाज, कुशीवर तिरका भगवा पट्टा.
मी ते इथून पाहत नाही,
माझ्यासाठी ते दर पंधरा मिनिटांनी येणारे आकडे असतं.
पाच वाजून दहाला आकडे थांबले
आणि माणसाचा आवाज आला:
उलटी होडी. तळावर चौघं. जिवंत.

चौघं.

पाचवा खलाशी, मोखाड्याचा, नाव लखमा.
आडनाव? तांडेलाला ठाऊक नव्हतं.
वय? वीस असेल, बावीस असेल.
पोहता येत होतं?
डोंगरातला पोरगा हो, साहेब.
मी रकाना तसाच ठेवला. माझाही गाव डोंगराखालचा,
पण त्याला रकाना नसतो.

उजाडल्यावर विमान गेलं, दोनदा.
समुद्राचे चौकोन पाडून एकेक चौकोन पाहिला.
तीन दिवस.
चौथ्या दिवशी वरून आलेला शब्द मी नोंदवहीत उतरवला:
शोध स्थगित.
आमच्या खात्यात 'संपला' हा शब्द नाही,
कुणी शिकवलं नव्हतं हे चिल्कात.

राजुली अजून फोन करते, मधल्या पहाऱ्याला.
नवरा घरी घोरतोय, ती सांगते.
"लखमाचा काय?"
मी सांगतो, स्थगित आहे.
"तो आमचा नाय," ती म्हणते,
"पन आमचे होरीवर व्हता."
मग दोघंही काही बोलत नाही.
फोनच्या तारेत थोडी खरखर येते,
आणि या एका खरखरीचा अर्थ
मला लावता येत नाही.