ग्राहकाचे नाव

अकरा वर्षं झाली,
बिल मात्र तुमच्याच नावानं येतं :
तोताराम सोनू भारंबे, मु. पो. फेकरी.
बिलवाला पोरगा दारातून हाक मारतो, "भारंबे बाबा!"
आणि मी आतून म्हणते, आले.

रेशनवाल्यानं खोडलं तुम्हाला, मतदार यादीनं खोडलं,
वीज कंपनीनं नाही.
तिच्या लेखी तुम्ही वेळेवर पैसे भरणारे,
पंखा जरा जास्तच चालवणारे गृहस्थ.

चालवू नको तर काय करू?
धाब्याची माती तुम्हीच उतरवली होती, हातभर जाड,
सहा ट्रॉल्या निघाल्या.
स्लॅब पडला त्या दिवशी अख्ख्या गल्लीला जिलबी.
पावसाळाभर मीही मिरवले, गळत नव्हतं ना.
मग वैशाख आला.
रात्री दोनला भिंतीला हात लावला तर
तापानं फणफणलेल्या पोराचं कपाळ.
तुम्ही कूस बदलून म्हणालात,
वीज आम्हीच बनवतो दीपनगरला, पाचवर कर पंखा.

परवा लोकेश आला, तुमच्या भाच्याचा.
म्हणाला, आजी, छतावर पॅनल बसवा,
आधी पैसे भरायचे, मग सरकार बरेचसे परत करतं.
स्लॅबवर सावली पडते ती वेगळी.
मी विचारलं, आणि उडदाचे पापड कुठं वाळवू?
म्हणाला, त्याला अनुदान नाही.

फॉर्म मोबाइलमध्ये होता.
छत किती बाय किती, लिहिलं.
छतावर कशाची सावली पडते का? नाही, लिहिलं.
(मे महिन्यात खाट टाकताना तुमची पडायची,
चिमणीच्या लाल दिव्यात. त्याला रकाना नव्हता.)
अर्जदार : मी.
ग्राहक : तुम्ही.
तिथं लाल अक्षरं उमटली,
नाव जुळत नाही.

गुण बावीस जुळले होते आपले.

भुसावळच्या ऑफिसातली बाई तशी चांगली.
मृत्यूचा दाखला जोडा, म्हणाली, वारसांची ना-हरकत जोडा.
कुणाची हरकत आहे का?
मी म्हटलं, ज्यांची असेल त्यांचाच दाखला जोडलाय.
ती हसली नाही. शिक्का उमटवून
पुढच्याला हाक मारली.

पुढल्या महिन्यात पोरगा दारात अडखळला,
कागद उलटसुलट करून पाहिला :
इंदुबाई तोताराम भारंबे.
तुम्ही गेला नाहीत कुठं,
मधे सरकलात फक्त.
घर मला वारस म्हणून मिळालं, पेन्शन विधवा म्हणून,
आणि इथं मी नुसती ग्राहक.
दोनदा वाचलं.

पॅनल बसले. अनुदान काही येईना.
लोकेश म्हणे प्रक्रियेत आहे,
बँकेतलं पासबुक छापायचं यंत्र म्हणे बिघडलंय.
आखाजीच्या आदल्या दिवशी फोन टुणकन वाजला,
माझे हात पुरणात,
शेजारच्या पोरीनं आकडा वाचून दाखवला.
पुन्हा वाच, म्हटलं.
दुसऱ्या दिवशी तुमची घागर भरली, वर डांगर ठेवलं,
आणि हिशोब सांगून टाकला :
इतके भरले, इतके परत आले,
उरलेले तुमच्या घरातल्या गारव्याचे.
आता रात्री दोनवर पुरतो पंखा.
पापड मुक्ताच्या गच्चीवर वाळतात,
ती दर खेपेला सात-आठ कमी देते.

काम एक तेवढं वाढलं.
दीपनगरची राख वाऱ्यावर येते,
काचांवर बसते, पिठीसारखी बारीक.
आठ दिवसांनी पुसत जा, नाहीतर युनिट पडत नाहीत,
असं लोकेश सांगून गेलाय.
उन्हं चढायच्या आत बादली घेऊन जिना चढते.
तुमचे ड्युटीचे शर्ट धुवायचे तेव्हाही
पहिलं पाणी असंच करडं निघायचं.
निळा रंग दिसायचा तो दुसऱ्या पाण्यात.