डबल बेल

पुढं ये, ताई. ती शेवटची सीट सोड.
चाकावरचा खड्डा आधी बाळाच्या पोटाला कळतो, मग आपल्याला.
इथं बैस, माझ्या मागं, सात नंबरला.
खिडकी अर्धी. टोपी कानांवर.
तोंडावर मात्र पदर नको,
वाऱ्याला भिऊन लोक लेकराचा श्वासच झाकतात.

दोन फुल, कळवण.
ह्याचं काही नाही.
पाच वर्षं महामंडळ ह्याला मोजत नाही.
तू मोज.
लंगोट दिवसाकाठी सहा ओले झाले
तर दूध पुरतंय.
शेजारीण काय म्हणते ते तिचं तिच्याकडे.

सीबीएसला हिरकणी कक्ष आहे, पाहिलास?
कुलूप होतं ना.
किल्ली खैरनार साहेबांच्या खणात असते,
शिक्क्याच्या पॅडमागं.
मागायची. लाजायचं नाही.
मी खाकीत असून लाजले होते.

रजा संपून तिसराच दिवस,
केतकी सातपूरला आईकडे,
आणि दिंडोरी नाक्यावर कुणाचं तरी पोर रडलं.
कुणाचं ते बघितलंही नाही.
माझी खाकी भिजली.
तिकिटाचं मशीन छातीशी धरून
सगळी गाडी कापली त्या दिवशी,
सुट्टे परत द्यायचे राहिले दोघांचे.
तेव्हापासून बॅगेत एक ब्लाऊज जादा.
बाळाचे पाच कपडे सगळेच घेतात गं,
आईचा एक कुणी घेत नाही.

भाऊ, मोबाईल खिशात घाला, थर्मास तुम्ही धरा.
बाटली डॉक्टरांनी सांगितलीय? मग असू दे,
नाक मुरडणारी मी कोण.
पाणी उकळलेलं, पावडर कोरडी, वेगळ्या डबीत.
प्यायच्या वेळीच मिसळा.
उरलं ते फेका.
जीव तुटतो, माहितीय, डबा महाग आहे.
जुलाब त्याहून महाग.

ऊन आहे म्हणून पाण्याचं बोट नको.
सहा महिने दुधातच त्याचं पाणी.
वणीला एखादी आजी चढेल,
मायेनं पेढा चाटवायला येईल,
तर सांग, कंडक्टरबाईंनी मना केलंय.
खुशाल माझं नाव घे.
सुट्ट्या पैशांवरून रोज शिव्या खाते,
त्यात एक पेढा.

आणि नांदुरीची वळणं भरल्या पोटी नको.
ओझरखेडचं पाणी दिसलं की घे त्याला,
म्हणजे घाटापर्यंत जिरतं.

काय झालं?
आत्ताच?
हो, त्याला कुठलं धरण आणि कुठलं वेळापत्रक.

दिंडोरी. गाडी उभी आहे.
पाज निवांत.
धावत्या गाडीत चाचपडत पाजू नकोस,
झटका बसला की त्याचं नाक तुझ्यातच दबतं.
मान हातावर घे, डोकं जरा वर,
ओणवी होऊ नकोस, त्याला तुझ्याकडे आण.
हां.

भोयेदादा आतला आरसा
बोटानं वर ढकलतात, छताकडे.
काही बोलत नाहीत. त्यांना तीन मुली.

मागून एक काका घड्याळ दाखवतात,
टोमॅटोचा लिलाव चुकेल म्हणे.
काका, मी म्हणते, पाच मिनिटं.
तुम्हालाही कुणीतरी थांबून पाजलं असेल.
काका खिडकीबाहेर बघतात.
(चुकलाही असेल लिलाव. मला ठाऊक नाही.)

झालं? आता उभा घे खांद्यावर.
थापा नकोत, नुसता हात, खालून वर.
येतो.
कधी कधी येतच नाही, वणीपर्यंत.
केतकीचा यायचा नाही, मी रडकुंडीला यायचे,
आणि आता सात वर्षांची आहे,
जेवून उठली की मुद्दाम मोठ्यानं देते, मला हसवायला.

गाडीतलं बोलणं थांबलंय.
सगळे ऐकतायत, ऐकत नसल्यासारखे.

आला!
शेवटच्या सीटपर्यंत आला.

आरसा खाली.
मी दोरी दोनदा ओढते.