गार लोखंड

गंगावेशीत रात्री नऊला
म्हशीच्या सडातून थेट ग्लासात दूध पडतं,
फेस वर येतो, ग्लास कोमट होतो,
आणि हिंदुराव विचारतो,
"मग? काय बघून आलास
एवढं लाखभर घालवून?"

लाखभर नव्हे. किती ते वैजूनं सांगितलंच नाही.
तिची आई विचारायला लागली
की तिच्या फोनची रेंज जायची.

मी म्हणालो, थंडी होती.
आकाराम हसला.
"ती पन्हाळ्यावर पण असती की, लेका."

असते खरी.
पण चैत्र होता. इथं माठाला ओलं फडकं गुंडाळायचे दिवस,
आणि तिथं नॉर्वेच्या कडेकडेनं
बोट वर वर चाललेली,
गाव दिसेल तिथं थांबायची, एसटीसारखी.
टपाल उतरायचं, पिंपं उतरायची,
एकदा एक म्हातारी उतरली आणि तिची सायकल.
धक्क्यावर न्यायला कुणी नव्हतं.
तिनं टोपी कानावर ओढली, टांग टाकली, गेली.

हे सांगण्यासारखं होतं. राहून गेलं.

रत्ना नऊवारीवर जावयाचं जाकीट घालून डेकवर.
जरा ऊन पडलं की तिथली माणसं
घोंगड्या गुंडाळून बाहेर येऊन बसायची,
तोंड वर, डोळे मिटलेले.
त्यांचा वसंत म्हणे हाच.
"एवढ्याशा उन्हाला?" रत्ना म्हणाली,
"आपल्या अंगणातलं पाठवून देऊ म्हणावं, पिंपभर."
जेवायला उकडलेला मासा,
त्यात मीठसुद्धा लाजत लाजत.
तिनं पिशवीतनं कांदा-लसूण चटणीची पुडी सोडली.
शेजारच्या बाईनं वास घेतला, बोट बुडवलं,
मग पाणी, पाणी,
आणि पुन्हा बोट.

तिसऱ्या पहाटे मी एकटाच वर गेलो.
बोट बांधायचा ओतीव खुंटा, कमरेएवढा,
त्यावर बर्फाची साय.
हातमोजा काढून तळवा टेकवला.
अडतीस वर्षं उद्यमनगरात
लोखंड मला पातळच माहीत,
चपलेवर थेंब उडाला तर हाड गाठणारं.
गार झालं की ते गिऱ्हाइकाचं.
ट्रकमध्ये चढायचं, पुढं त्याचं काय झालं
कोण बघायला जातो?
इथं ते उभं होतं, खारं पाणी अंगावर घेत,
आणि गारठ्यानं भाजत होतं.
तळव्याची कातडी क्षणभर सोडेचना.
मी रंगावरून अंगठा फिरवला
तर सापडली: बारीक उभी रेघ,
साच्याच्या दोन पेट्या मिळतात तिथली,
नीट घासून न काढलेली.
कुणीतरी शनिवारी संध्याकाळी
पगाराच्या घाईत सोडून दिलेली.
कुठला असेल? शिरोलीचा? चीनचा?
मी पण सोडल्यात अशा. मोजल्या नाहीत.

त्याच दिवशी पौर्णिमा.
जोतिबाची यात्रा लग्नापासून पहिल्यांदा चुकली.
रत्ना गप्प गप्प.
रात्रीचे आठ वाजले तरी उजेड,
आणि मग कलत्या उन्हात समोरचा पांढरा डोंगर
शिखरापासून खाली
गुलाल पडत यावा तसा होत गेला.
ती उठली. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावली.
बूट काढले, तेवढ्या गारठ्यात.
"चांगभलं," म्हणाली,
इतक्या हळू की पोरगेल्या खलाशाला वाटलं
आजीला काहीतरी हवंय.
तो कॉफी घेऊन आला.
तिनं ती घेतली, प्यायली, आवडली नाही.

"अरं बोल की," हिंदुराव म्हणतो.
मी तळवा दिव्याकडं करून बघतो.
डागबीग काही नाही.
"थंडी होती," म्हणतो. "लई."
आकाराम ओठावरचा फेस पुसत
म्हशीवाल्याला म्हणतो,
याला अजून एक दे रं, अर्धा.