जकात

नदी आज धक्क्याच्या पायथ्याशी, खूप खाली.
नकाशात तिचं नाव मरे.
मी ते मनातही दबकत उच्चारतो;
पाणी आटलेल्या नदीला असं म्हणू नये.

रेड गमच्या खांबांवर पितळी पट्ट्या:
कुठल्या साली पूर कुठवर.
सगळ्यात वरची माझ्या डोक्याच्याही वर दोन हात.
मान वर करून पाहतो
आणि श्वास रोखतो, उगाच.

जकातघर विटांचं, खिडक्यांना ताजा हिरवा रंग.
आत लॉरेल ट्रेगेन्झा, वय एकाहत्तर,
डोक्यावर लेसची टोपी, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ.
सहलीच्या पोरांना दरडावते,
"पलीकडून काय आणलंत? चहा? बूट?"
दात पडलेली एक मुलगी म्हणते, "सँडविच."
"कशाचं?"
"बीटाचं."
"मग सहा पेन्स!"
शिक्का दणकन.

एकेकाळी हद्द होती ही नदी,
अल्याडचा माल पल्याड गेला की महाग.
आता पल्याड पेट्रोल पंप,
माझं लॉज,
आणि लॉरेलची बहीण, जिच्याशी ती
आईच्या शिवणयंत्रावरून
नऊ वर्षं बोललेली नाही.
शाई पुसता पुसता सांगते,
जणू हेही माहितीपत्रकात छापलंय.

खाली आगबोटीच्या भट्टीत टाय लाकडं सारतोय.
"आमचीच झाडं जाळून चालायच्या या," तो म्हणतो,
"आता मीच जाळतो. पगारी."
नदीचं नाव धुंगला, आजीनं शिकवलेलं.
फलकावर आलंय ते गेल्या वर्षी,
खालच्या ओळीत, बारीक.
मी दोनदा म्हणून पाहतो.
तो उच्चार दुरुस्त करतो, दोन्ही वेळा.

पाचला भोंगा. धक्क्यावरचे कबुतर उडतात, परत बसतात.
लॉरेल टोपी काढते, केस चपटे झालेले,
आणि काउंटरखालून बरणी सरकवते:
कडू संत्र्यांचा मुरांबा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
"पलीकडेच जातोस ना?
बेकरीशेजारचं निळं दार. कुणी दिला ते सांगायचं नाही."

पुलावर बरणी जड झाली.
मध्ये थांबून हात बदलला.
खाली तपकिरी पाणी,
त्यात दोन्ही काठांची झाडं उलटी.

दार उघडलं त्याच भुवयांनी.
तिनं मला पाहिलं नाही,
कागद चष्म्याजवळ नेला,
शिक्क्यावरून अंगठा फिरवला.
"सहा पेन्स?" म्हणाली.
"लुटारू कुठली."
आणि आत वळून
केटली ठेवली.